रेल्वेतला हौद

आमच्या घरात मला खोटारडी म्हणायला सुरुवात झाली, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. मी सांगितलं होतं, की रेल्वेच्या डब्यात मी पाण्याचा पांढराशुभ्र हौद पाहिला आणि त्या हौदात मावशीनं मला आंघोळ घातली. ऐकणारा जो तो हसला. फक्त आई हसली नाही. तिनं माझ्या थोबाडीत मारली.

मोठ्या दुष्काळाचा तो उन्हाळा. आमचं गाव नेकनूरच्या वरच्या अंगाला, डोंगरपट्ट्यात. घरची मेंढरं होती. विहिरीचा तळ उघडा पडला तसे वडील मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, कडेला गेले आणि आई मला नि माझ्या थोरल्या भावाला घेऊन परळीला मावशीकडे आली. मावशीचा नवरा रेल्वेत गँगमन होता. क्वार्टर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याचा आडोसा. त्यात मावशी, काका, मावशीची सासू, मावशीची तान्ही मुलगी, आणि वर आम्ही तिघं. आई सकाळीच दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी पदरात तिथं वाटलेली सरकारी सुकडी बांधून आणायची. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, तांबडी भाकरी आणि ती सुकडी, यावर दिवस निघत होता. खायला काहीतरी मिळत होतं. पाण्याचं मात्र विचारू नये.

आमच्या वस्तीचं सगळं पाणी इंजिनाच्या मर्जीवर होतं. स्टेशनात इंजिनात पाणी भरायचा एक उंच लोखंडी खांब होता, त्याला फिरती सोंड होती. इंजिनाची टाकी भरली, की सोंड बाजूला घेताना पाणी खाली सांडायचं. ते धरायला बायका घागरी, डबे, पातेली घेऊन खडीवर बसून असायच्या. काही ड्रायव्हर मुद्दाम जरा उशिरानं नळ बंद करायचे. बायका त्यांना भाऊ म्हणायच्या. त्या पाण्यात कोळशाची भुकटी असायची. लुगड्याच्या पदरातून गाळून ते रांजणात ओतायचं. आंघोळ हा शब्दच कुणी काढत नव्हतं. माझ्या डोक्यात फोड झाले होते. पू वाहून केस टाळूला चिकटले होते, आणि मी सारखी खाजवत असायचे. रात्री भाऊ माझ्याजवळ झोपायला कुरकुर करायचा.

एके दिवशी मालगाडीच्या शेवटाला जोडून एक वेगळाच डबा आला. चॉकलेटी रंगाचा, खिडक्यांना पडदे असलेला. तो बाजूच्या रुळावर उभा करून ठेवला. निजामाच्या काळातला डबा हाय, असं काका म्हणाले. दुष्काळाची पाहणी करायला कुणी बडे साहेब त्यातून आले होते. ते सकाळी जीपमधून निघून जायचे ते दिवस मावळता यायचे. डबा झाडायपुसायचं काम मावशीला मिळालं. डब्यात एक खानसामा असायचा. दुपारी तो स्टेशनाच्या सावलीला जाऊन झोपायचा.

अशाच एका दुपारी मावशी केरसुणी घेऊन निघाली आणि मी तिच्या मागं लागले. डब्याजवळ आल्यावर तिनं इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाली, "चढ."

लोखंडी पायऱ्या तापल्या होत्या. आत मात्र गार, अंधारलेलं. मेज, गादीच्या खुर्च्या, आरसा. मी आरशात स्वतःला बघून दचकले. मावशीनं एक अरुंद दार ढकललं. आत तो होता. पांढरा, गुळगुळीत, मी आडवी झाले तरी मावेन एवढा. तो कशासाठी असतो हे मला कळेना. मला वाटलं, देवाचं काहीतरी असेल. मावशीनं भिंतीतली तोटी फिरवली आणि पाणी आलं.

त्या पाण्याचा आवाज मला आजही जसाच्या तसा आठवतो. डब्याच्या टपावर टाकी होती. उन्हानं ते पाणी कोमट झालं होतं. जाड धार त्या पांढऱ्या हौदात पडत राहिली, आणि मी ओरडले, "मावशे, बंद कर! सांडायलंय!"

"गप," मावशी म्हणाली. "कपडे काढ."

मी आधी ओंजळी भरभरून प्याले. मग तिनं मला उचलून आत बसवलं. तिथली गुलाबी वडी घेऊन माझं डोकं चोळलं. फोड फुटले, झोंबलं, मी रडले. ती थांबली नाही. एकसारखी चोळत होती. खपल्या निघून पाण्यावर तरंगायला लागल्या. पाणी राखाडी झालं. शेवटी तिनं हौदाच्या तळाचं बूच ओढलं, आणि सगळं पाणी गर्रकन फिरत खाली गेलं.

एवढं पाणी जाताना बघून मला हुंदका आला. "कुठं गेलं?"

"गेलं," मावशी म्हणाली. "हे बघ, कुणाला सांगायचं न्हाई. आईला बी न्हाई."

मी मान हलवली. पण संध्याकाळी आई कामावरून आली, तिनं मला जवळ घेतलं आणि एकदम लांब धरलं. माझ्या केसांना साबणाचा वास येत होता. डोकं स्वच्छ होतं. "कुठं भिजलीस?" तिनं विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. डबा, आरसा, हौद, गुलाबी वडी.

आईनं मावशीकडं बघितलं. मावशी चुलीपुढं बसली होती. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "कसला हौद?" ती म्हणाली. "रेल्वेत कुठं हौद आसतोय व्हय? सोंडंखाली भिजली आसंल. पोरीला ऊन लागलंय, बरळायली."

मी तिच्याकडं बघतच राहिले. ज्या हातांनी दुपारी माझं डोकं धुतलं, तेच हात पीठ मळत होते, आणि ती म्हणत होती की असं काही झालंच नाही. थोबाडीत बसली ती आईची, पण तिचं मला काही वाटलं नाही. मावशी खोटं बोलली याचाच धक्का एवढा होता, की मी रडायलाही विसरले.

दोन-तीन दिवसांत तो डबा गेला. त्याच आठवड्यात मावशीची तान्ही मुलगी हगवणीनं गेली. त्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बऱ्याच घरांत तान्ही मुलं गेली. काका कापडात गुंडाळून तिला घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. मावशी चुलीपुढं बसून होती. पाऊस पडल्यावर आम्ही गावाकडं परतलो.

हौदाची गोष्ट मात्र माझ्या मागं राहिली. भावानं माझं नाव 'हौदराणी' ठेवलं. शाळेत ते पसरलं. माझं लग्न नेकनूरजवळच्याच गावात झालं, तर भावानं मांडवात माझ्या नवऱ्याला सांगितलं, "दाजी, आमची बहीण रेल्वेत आंघोळ करती, घरी हौद बांधा." सगळा मांडव हसला. सासरीही ते नाव रुळलं. पहिली काही वर्षं मी भांडायचे. नंतर भांडायचं सोडलं. पुढं पुढं मलाच वाटायला लागलं, की ऊन लागलं असेल. तापात माणसाला काहीही दिसतं.

अशी चाळीसएक वर्षं गेली. गावात आम्ही बायकांनी दूध सोसायटी काढली. मी सचिव. चेअरमनबाई माझ्याच वयाच्या, माझ्याच आळीतल्या. पुन्हा एकदा दुष्काळ पडला. टँकर सुरू झाले, जनावरं चारा छावणीत बांधली, आणि सोसायटीत येणारं दूध आटून कॅनच्या तळाला गेलं. बायका खचून गेल्या होत्या. तेव्हा दूध संघाच्या साहेबांनी आमचा अभ्यास दौरा काढला. मोठ्या शहरातली डेअरी दाखवायची, दोन गोष्टी शिकवायच्या आणि परत आणायचं. डेअरी बघून झाली. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून साहेबांनी आम्हाला जवळच्या वाहन संग्रहालयात नेलं.

मोकळं आवार होतं. जुनी इंजिनं रंगवून रुळांवर उभी केली होती. बायकांची मजा चालली होती. लाकडी बाकांचा तिसऱ्या वर्गाचा डबा बघून एक म्हणाली, "ह्याच डब्यातून मी माहेराहून आलते." मालडबे होते, तेलाच्या टाक्या होत्या. शेवटी एक चॉकलेटी डबा होता. त्यात चढायला बंदी होती. बाहेर लाकडी फलाट केला होता, त्यावर उभं राहून खिडकीतून आत बघायचं. पाटीवर लिहिलं होतं, की हा पाहणी अधिकाऱ्यांचा राहण्याचा सलून डबा आहे.

मी मागं होते. चेअरमनबाई खिडक्यांतून बघत बघत पुढं गेल्या आणि शेवटच्या खिडकीपाशी थबकल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "ह्यात तर न्हाणी हाय." मग त्यांनी हळूच वळून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. "सचिवबाई, इकडं या."

मी गेले. काचेला नाक लावलं.

पांढरा हौद होता. भिंतीत तोटी होती. तळाला बुचाचं भोक होतं. तोच डबा होता असं मी म्हणत नाही. असे पुष्कळ डबे असायचे, असं वॉचमननं नंतर सांगितलं. पण मी त्या फलाटावर मटकन बसले. बायकांना वाटलं, बीपी कमी झालं. कुणी पाणी शिंपडलं, कुणी तळपाय चोळले.

"हाच," मी एवढंच म्हणू शकले. "असाच."

चेअरमनबाईंनी बाकीच्यांना सांगितलं. सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होतीच. सगळ्या जणी त्यावर कधी ना कधी हसलेल्या होत्या. त्या एकेक करून खिडकीशी गेल्या आणि काचेतून बघून परत आल्या. कुणी माझी माफी वगैरे मागितली नाही. त्यांना वेगळाच धक्का बसला होता. आमच्यातली एक, जिच्या म्हशी त्या वेळी छावणीत होत्या, ती वॉचमनवर एकदम खवळली. "माणसं पाण्याला मोताद आन् हे रेल्वेत बसून आंघोळ करायचे? आन् तुमी ते रंग देऊन ठिवलंय?"

"ताई, मी नाही ठेवलं," तो बिचारा म्हणाला. "आवाज कमी करा."

मी तिथूनच भावाला फोन लावला. तो पाटोद्याला असतो. मी म्हणाले, "दादा, हौद सापडला." त्याला आधी कळेना. मग मी सगळं सांगितलं. फोनवर त्याच्या बाजूला कुठंतरी मोटारसायकल चालू होती, तिचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "खरंच व्हता, बायडे?" आणि फोन ठेवला.

मी मोबाइलमध्ये हौदाचा फोटो काढला आणि गावी न जाता परळीला उतरले.

मावशी आता खूप थकली आहे. क्वार्टर सुटून वर्षं झाली. ती मुलाच्या घरी असते. तो दुष्काळानंतर झालेला. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर थर्मल वीज केंद्राची राख पडते म्हणून सूनबाई कपडे गोळा करत होती. मावशी एकटीच पलंगावर बसली होती. मी तिला फोटो दाखवला. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"मावशे," मी म्हणाले, "कावून खोटं बोललीस गं? जलमभर मला खोटारडी म्हणले लोक."

मला वाटलं, ती हसेल. किंवा म्हणेल की साहेबाची भीती होती, काकांची नोकरी गेली असती. तिनं मोबाइल पलंगावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "दार लोट."

मी दार लोटलं.

"ते पाणी कुठं गेलं, म्हणून इचारलं व्हतंस ना तू?"

"हं."

"डब्याच्या खाली नळी व्हती. पलीकडच्या अंगाला. माझी सासू तिकडं घागर लावून बसली व्हती. टाकी गळती, थेंब थेंब पडतंय, म्हणून बसायची. मला ठावं न्हवतं. मी बूच वढलं आन् तिच्या घागरीत धो धो पडलं."

मला अजून उलगडा होत नव्हता. मावशी भिंतीकडं बघून बोलत होती.

"मी घरला आले, तर म्हातारी खुशीत. म्हणती, आज लई पाणी घावलं, वास मारतंय जरा, पर गाळलं मी. आन् रांजणात वतलं व्हतं. सगळ्या पाण्यात. तुझ्या डोक्याचा पू, खपल्या, समदं."

"तू सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? बहिणीच्या पोरीला हौदभर पाण्यात आंघोळ घातली म्हणून सांगू? बाहीर बाया घोटभर पाण्यासाठी भांडायल्या. सासूनं जित्ती ठिवली नसती. रांजण फोडायचा म्हणून दगड घेतला व्हता मी हातात. तेवढ्यात तुझी आई कामावरून आली. आल्या आल्या तिनंच तांब्या बुडवला. घटाघटा प्याली. मग मला फोडवंना. रांजण फोडला आसता तर रातीला काय प्यायचं?"

मी ऐकत होते. आपण पण प्यालो असणार, हे माझ्या डोक्यात आलं. पण मावशीचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"म्हातारी लेकराला रांजणातलं पाणी उनात ठिवून पाजायची. वाटीवाटीनं. मी कामाला गेले की पाजायची. तिसऱ्या दिवशी लेकराला हगवण लागली."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर सूनबाई बादली आपटत होती. चाळीस वर्षं मी फक्त माझाच विचार करत आले होते. माझं नाव, माझ्यावरचं हसणं.

"मावशे," मी कसंबसं म्हणाले, "त्या साली लई लेकरं गेली गं. सगळ्या वस्तीतली गेली. त्या पाण्यानंच गेली, आसं कुणी सांगावं? आमी बी तेच पाणी प्यालो."

"लई गेली," ती म्हणाली. "मला बी ठावं हाय. पर मी बूच वढलेलं मला ठावं हाय ना."

काकांना तिनं ते जाईपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, की लेकराला नजर लागली. मावशी हो म्हणत राहिली. मी तिचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला आणि पुन्हा मोबाइल मागितला. "मला तिथं ने," म्हणाली.

मुलाला आणि सुनेला काय सांगावं हे कळेना. शेवटी देवदर्शनाला नेते, असं सांगितलं. भावाला मी खरं कारण सांगितलं नाही. मावशीला हौद बघायचाय एवढंच म्हणाले. तो लगेच निघाला. माझ्यासमोर आल्यावर त्यानं वर बघितलं नाही, पण गाडीत सगळा रस्ताभर मावशीला धरून बसला.

संग्रहालयात त्यानं तिला त्या फलाटावर चढवायला हात पुढं केला. ती म्हणाली, "मला वर न्हाई बघायचं." आणि काठी टेकत डब्याच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिथं लोक जात नाहीत. गवत वाढलेलं होतं. ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि डब्याच्या पोटाखाली बघू लागली. मीही वाकले. चाकांच्या मधे, दांड्यांच्या आड, एक लोखंडी नळी खाली आलेली होती. मनगटाएवढी जाड. तोंडाशी गंज चढलेला, खाली कोरडी खडी.

"हीच," मावशी म्हणाली.

भाऊ गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मावशी तिथंच गवतात बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत, एकदाही न थांबता. तो ऐकता ऐकता तिच्याशेजारी खाली बसला. एवढा मोठा माणूस, गावात चारचौघांत बोलणारा. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"ती माझं बोट धरून झोपायची," तो म्हणाला. "पाळणा मीच हलवायचो."

मला हे माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत आमच्यात त्या मुलीचा विषय कधी निघालाच नव्हता. मावशीनं त्याच्याकडं वळून बघितलं. "तुला आठवती व्हय ती?" तिनं विचारलं. घरातली जुनी माणसं गेल्यापासून त्या मुलीची आठवण असलेलं कुणी तिला भेटलंच नव्हतं. तो मान हलवत राहिला. ती त्याला एकेक विचारत गेली, केस कसे होते, हसायची कशी, आणि तो आठवेल ते सांगत गेला. काही त्यानं नक्कीच मनानं जोडलं असेल.

वॉचमन येऊन म्हणाला, इथं बसायचं नाही. आम्ही उठलो.

परतीच्या गाडीत मावशीनं भाकरी मागून घेतली, खाल्ली आणि भावाच्या खांद्याला टेकून झोपली. भाऊ जागा होता. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. पाण्याची बाटलीही मी उघडली नाही.